कागदाकडे बघायचं नाही

रविवारी दहाला, घणसोलीच्या समाजमंदिरात
आम्ही अकरा जण. सगळ्यांचे गुडघे चाळिशीच्या पुढचे.
मैथिली कारखानीस (वय सत्तावीस, खोडरबर बाळगत नाही,
तत्त्व म्हणून) प्रत्येकाला एक कागदी प्लेट देते,
वाढदिवसाची, काठावर फुगे छापलेली.
मधोमध भोक पाडा, म्हणते, पेन्सिल आरपार घाला.
आता हात प्लेटखाली,
उशिरा येणाऱ्यासाठी झाकून ठेवलेल्या आमटीसारखा.

नियम दोन.
पेन्सिल उचलायची नाही.
कागदाकडे बघायचं नाही.
बघायचं ते समोरच्या माणसाकडे, आठ मिनिटं.
"बोट आंधळं आहे," ती म्हणते, "डोळ्यानं त्याचा हात धरा."

माझ्यासमोर बेबीताई मढवी.
आठ मिनिटं!
अंतरपाट सरकल्यावर बायकोकडेही
मी इतका वेळ पाहिलं नव्हतं.
तेव्हा अक्षतांपासून डोळे वाचवत होतो.

आणि मी काही नवशिका नाही, हे सांगून ठेवतो.
चौतीस वर्षं सिडकोच्या ड्रॉइंग शाखेत.
टी-स्क्वेअर, सेट-स्क्वेअर, ट्रेसिंगचा कागद,
शून्य पॉइंट दोनचं पेन, ते मधूनमधून
कानाशी नेऊन हलवायचं, नाहीतर चोंदतं.
रस्ता, गटार, प्लॉट, प्लॉट, प्लॉट.
तेव्हा नियम उलटा होता:
कागदाकडेच बघायचं.

तर कपाळापासून सुरुवात केली, सराईतासारखी,
आणि मान आपोआप खाली.
"काका, चोरी!"
शाळेत कधी कॉपी केली नाही मी.
त्रेसष्टाव्या वर्षी पकडला गेलो.

मग हळू.
भुवई. भुवईत एकच केस पांढरा, उलटा वळलेला.
चष्म्यानं नाकावर पाडलेले दोन खळगे.
नाकपुडीला नथीचं भोक, त्यात आज काही नाही.
"गुदगुल्या होतायत," बेबीताई म्हणाल्या,
आणि माझी पेन्सिल तेव्हा खरंच त्यांच्या नाकात होती.
कानाची पाळी लांबलेली,
पुष्कळ वर्षं काहीतरी जड वागवलेली.
आणि हनुवटीवर गोंदण. एक टिंब.

इथं अडलो.
पेन्सिल न उचलता टिंब काढायचं कसं?
टिंब एकटं असतं. त्याच्याकडे रस्ता जात नाही.
आमच्या शीटवर असायची अशी टिंबं: जुनी विहीर.
पुढच्या शीटवर नसायची.
ब्लेडनं खरवडायचं, हलक्या हातानं, कागद फाटू न देता.
तेही काम माझंच.

गालावरून रेघ ओढत नेली,
टिंबापाशी घुटमळवली, गोल गोल,
मुंगीला साखर सापडल्यासारखी,
आणि तशीच मानेवरून पुढे.

वेळ संपली. प्लेटा निघाल्या.
हॉल असा हसला, की खाली कॅरम खेळणारे
जिना चढून बघायला आले.
बेबीताईंचा डावा डोळा सेक्टर नऊमध्ये,
उजवा थेट रबाळ्यात.
एक कान कागदाबाहेर पडलेला,
अर्धा माझ्या टेबलावर.
त्यांनी काढलेला मी: चष्मा खिशात घसरलेला,
हनुवट्या तीन, आणि कपाळ?
"कपाळाचा पाम बीच रोड झालाय, दादा.
सिग्नलच नाही कुठे."

सवयीनं उजव्या कोपऱ्यात चौकट आखायला घेतली:
नाव, तारीख, प्रमाण.
प्रमाणापाशी थांबलो.
मैथिलीनं पेन्सिल काढूनच घेतली हातातून.

बेबीताईंनी माझं चित्र उचललं.
फिरवलं. पुन्हा फिरवलं.
दोन्ही हातांनी लांब धरून बराच वेळ बघत राहिल्या.
"हां," म्हणाल्या, "असं धरायचं.
हा कान आहे ना, इकडं खाडी.
आणि ही," टिंबाच्या गुंत्यावर बोट ठेवून,
"ही आमची बाव."

मी उत्तर दिशेचा बाण काढणार होतो.
पेन्सिल मैथिलीकडे होती.